मूर्तिजापुरात जाड राफ्ट ओतताय? राख, बर्फ आणि गोड्या पाण्याचा हिशेब आधी मांडा

तुमच्या घराचा स्लॅब पाच-सहा इंचांचा असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. ‘लो हीट’, ‘क्रॅक-फ्री’, ‘मास ग्रेड’ अशी नावं सांगून कोणी जास्तीचे पैसे मागत असेल, तर तेवढे देऊ नका. इतक्या पातळ काँक्रीटमधली उष्णता हवेत सहज निघून जाते. तिथे भेगा पडतात त्या बहुतेक वेळा उन्हाने पाणी उडाल्यामुळे, आणि त्यावर उपाय तराईचा.

हा हिशेब जाडजूड कामांसाठी आहे. पाण्याच्या उंच टाकीचा राफ्ट, डाळमिल किंवा जिनिंगच्या मशीनचं फाउंडेशन, काळ्या मातीमुळे इमारतीखाली घातलेला जाड राफ्ट, मोठी पाइल कॅप, पुलाचा पाया. कामाची सर्वांत कमी बाजू एक मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर उष्णतेचा विचार केल्याशिवाय ओतू नका. सिमेंट घनमीटरला चारशे किलोच्या घरात असेल, तर पाऊण मीटरलाही इंजिनीअरला विचारून घ्या.

दोन आकडे लक्षात ठेवा: ७० आणि २०. काँक्रीटच्या पोटातलं तापमान ७० अंशांवर जाऊ द्यायचं नाही. पोट आणि पाठ यांच्यात २० अंशांपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही. पहिली मर्यादा ओलांडली तर पुढे काही वर्षांनी, ओल मिळाली की, काँक्रीट आतून फुगण्याचा धोका. दुसरी ओलांडली तर भेगा, आणि त्या आठवड्याभरातच दिसू शकतात.

तुमचं काम कुठे जाईल याचा अंदाज घरबसल्या येतो. साध्या ओपीसी सिमेंटचे दर १०० किलो घनमीटरमागे सुमारे १२ अंश चढवतात. ३८० किलो सिमेंट म्हणजे ४५ अंश. मे महिन्यातल्या दुपारी काँक्रीट ३८ अंशांवर ओतलं, तर जाड ठोकळ्याच्या पोटात ८० च्या वर. राफ्ट मीटरभरच असेल तर थोडी उष्णता निसटते, पण ७० ची रेघ तरीही सुरक्षित राहत नाही.

आधी फुकटचे अंश घ्या

सिमेंटच्या काही हिश्शाच्या जागी औष्णिक केंद्रातली राख (फ्लाय ॲश) घालून उष्णता कमी करता येते, पण तिची चौकशी करण्याआधी घड्याळ बघा. काँक्रीटमध्ये सर्वांत जास्त वजन गिट्टी-रेतीचं असतं. ती दोन अंशांनी थंड केली की काँक्रीट एका अंशाने थंड होतं. पाणी चार अंशांनी थंड केलं तरी फायदा एकाच अंशाचा, आणि सिमेंट दहा अंशांनी थंड केलं तरी तेवढाच. म्हणून गरम सिमेंटच्या पिशव्यांवरून भांडण्यात अर्थ नाही, गिट्टीच्या ढिगावर सावली करण्यात आहे. उन्हात तापलेली ४६ अंशांची गिट्टी आणि पहाटेची ३२ अंशांची गिट्टी, यात काँक्रीटचे सात अंश आहेत. खर्च काय? हिरवी जाळी, गिट्टीवर अधूनमधून पाणी, दिवे, जनरेटर आणि मजुरांचा रात्रीचा भत्ता. गिट्टीवर मारलेलं पाणी मिश्रणाच्या पाण्यातून वजा करायला मात्र मिस्त्रीला सांगा, नाहीतर थंडाव्याच्या बदल्यात ताकद जाईल.

दुसरी फुकट सवलत म्हणजे ४० मिमी गिट्टी. २० मिमी गिट्टीला घनमीटरमागे साधारण १८६ लिटर पाणी लागतं, ४० मिमीला १६५. पाणी कमी म्हणजे त्याच प्रमाणात सिमेंट कमी, सुमारे ४५ किलो. म्हणजे पाचेक अंश आणि जवळपास एक पिशवी, दोन्ही वाचले. अट एवढीच की सळ्यांमधली मोकळी जागा गिट्टीपेक्षा निदान ५ मिमी जास्त हवी, म्हणजे ४५ मिमी. कव्हरलाही हाच नियम. पंपवाला ४० मिमीला नाही म्हणेल. राफ्ट जमिनीलगत असेल तर पंपाऐवजी पन्हळ लावून ओतता येतं आणि पंपाचं भाडंही वाचतं.

बर्फ हा तिसरा पर्याय, पण महाग. घनमीटरमागे दहा किलो बर्फाने दीड-पावणेदोन अंश उतरतात. सहा अंश हवे असतील तर ३५-४० किलो लागेल, म्हणजे साठ घनमीटरच्या राफ्टला दोन टनांहून जास्त. तो बारीक फोडलेला हवा, मिक्सरमधून बाहेर पडेपर्यंत पूर्ण वितळलेला हवा आणि पाण्याच्या हिशेबात धरलेला हवा. रात्री ओतायला जमत असेल तर बर्फवाल्याला बोलावू नका.

मग सिमेंट बदला

दुकानात मिळणाऱ्या पीपीसीमध्ये कारखान्यातच १५ ते ३५ टक्के राख मिसळलेली असते (आयएस १४८९, भाग १). राख सिमेंटच्या साधारण निम्मी उष्णता देते, तीही सावकाश. म्हणजे ३० टक्के राखेची पीपीसी घेतली की त्याच वजनाच्या ओपीसीपेक्षा सातेक अंश कमी. वेगळी वाहतूक नाही, वेगळा साठा नाही. पिशवीवर आयएसआय चिन्ह, सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक आणि उत्पादनाचा आठवडा बघा. परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो. त्या आठवड्याचं कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट दुकानदाराकडून मागा. राख नेमकी किती टक्के आहे ते त्यात कळतं. १५ टक्के आणि ३५ टक्के, दोन्ही पीपीसीच, पण उष्णतेत बराच फरक.

स्लॅग सिमेंटमध्ये (आयएस ४५५) पोलाद कारखान्यातला स्लॅग २५ ते ७० टक्के असतो. इथे फसगत होते. कमी स्लॅगने उष्णता जवळपास कमी होत नाही. ५० टक्क्यांना दहावा हिस्सा, ७० टक्क्यांना पाचवा हिस्सा, असा साधारण अंदाज धरा. ‘स्लॅग आहे, थंड राहील’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका, टक्केवारी विचारा. खारपाणपट्ट्यातल्या (खाऱ्या भूजलाच्या भागातल्या) क्षारांपुढे मात्र स्लॅग चांगला टिकतो आणि मूर्तिजापूरसाठी तो गुण उष्णतेइतकाच मोलाचा.

लो हीट सिमेंट (आयएस १२६००) किरकोळ दुकानात शोधत बसू नका. ते धरणासारख्या कामांसाठी घाऊक मागणीवर बनतं. कोणी पिशवीत ‘लो हीट’ विकत असेल तर पिशवीवर हाच आयएस क्रमांक छापलेला आहे का ते बघा. नसेल तर ती बहुधा पीपीसीच, चढ्या भावाने.

राख वेगळी घ्यायची असेल तर

मूर्तिजापूरहून साठेक किलोमीटरवर पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॉटचे दोन संच. अमरावतीजवळ नांदगाव पेठेला १३५० मेगावॉटचं खासगी केंद्र आहे. राख जवळ आहे, हे खरं. म्हणून कोणती राख, हे जास्त काटेकोरपणे विचारा.

काँक्रीटला चालते ती धुरातून विजेच्या यंत्रणेने पकडलेली कोरडी, बारीक राख. तळ्यात सोडलेली ओली राख भरावाला आणि विटांना ठीक, काँक्रीटला नाही. स्वस्तात डंपरभर राख टाकून देतो म्हणणारा बहुतेक वेळा तळ्यातली आणतो. ओलसर, खड्यांची, काळपट असेल तर उतरवूनच घेऊ नका. काळपट म्हणजे न जळलेला कोळसा. तो ॲडमिक्श्चर पिऊन टाकतो आणि मिश्रण घट्ट झालं की मजूर वरून पाणी ओततात.

मागायचा कागद एकच: आयएस ३८१२ (भाग १) प्रमाणे टेस्ट रिपोर्ट, त्याच खेपेचा. त्यात चार ओळी वाचा. बारीकपणा किलोला ३२० चौरस मीटर किंवा जास्त. ४५ मायक्रॉन चाळणीवर उरणारा भाग ३४ टक्क्यांपर्यंत. जाळल्यावर घटणारं वजन ५ टक्क्यांपर्यंत. सल्फर ट्रायऑक्साइड ३ टक्क्यांपर्यंत. दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टची झेरॉक्स चालत नाही.

‘राख सरकारी नियमाने फुकट मिळते’ असंही तुम्हाला ऐकवतील. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेत वाहतुकीसह मोफत राखेची तरतूद आहे, पण ती ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्ते, भराव, धरणं अशा कामांसाठी. तुमच्या डाळमिलच्या फाउंडेशनला राख विकतच घ्यावी लागेल. भाव टनावर ठरवा, खेपेवर नाही. धर्मकाट्याची भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही पावत्या घ्या. पिशव्यांमधली राख महाग पडते, पण टँकरमधली सुटी राख ठेवायला सायलो लागतो. तो तुमच्याकडे नाही. ताडपत्रीखाली ढीग लावला तर पहिल्या वाऱ्यात निम्मी शेजाऱ्याच्या शेतात.

आणि पीपीसीत वरून राख अजिबात घालू नका. त्यात आधीच किती आहे हे साइटवर कोणालाच नेमकं माहीत नसतं. वेगळी राख फक्त ओपीसीसोबत, तीही मिक्स डिझाइन करून. घाटघरला देशातलं पहिलं रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं धरण झालं, त्यात सिमेंटपेक्षा राख जास्त होती. ठेकेदार हा दाखला देईल. पण धरणाला ताकद येण्यासाठी महिनोन्‌महिने थांबता येतं आणि त्या काँक्रीटमध्ये तुमच्या राफ्टसारखं सळ्यांचं जाळं नसतं.

वाचतं किती?

१० बाय ६ मीटरचा, एक मीटर जाड राफ्ट घेऊ: ६० घनमीटर, ओपीसी ३८० किलो. सिमेंटची पिशवी ३५० रुपये आणि पिशव्यांतली राख साइटवर पोचून ३ रुपये किलो, हे दर फक्त हिशेबासाठी धरलेत. तुमचे खरे दर त्या जागी घाला.

सरळ ३० टक्के सिमेंट काढून तेवढीच राख घातली, तर १३७ पिशव्या वाचतात, सुमारे ४८ हजार रुपये. राख ६.८ टन, साडेवीस हजार. उरले सत्तावीस हजार आणि तापमान सात अंशांनी उतरलं. पण २८ दिवसांची ताकद कमी भरेल. ती भरून काढायला इंजिनीअर सहसा सिमेंट-राख मिळून वजन दहा टक्क्यांनी वाढवतात: सिमेंट २९३, राख १२५ किलो. आता वाचल्या १०४ पिशव्या, साडेछत्तीस हजार. राख साडेबावीस हजारांची. उरले चौदा हजार. आणि तापमान? फक्त तीन अंशांनी कमी. त्या चौदा हजारांतून मिक्स डिझाइन, राखेची चाचणी आणि उतराई गेली की हातात फार काही राहत नाही.

म्हणजे राखेचा खरा फायदा तुम्ही ताकद कोणत्या दिवशी मोजता यावर आहे. राफ्टवर पूर्ण भार यायला दोन-तीन महिने असतील, तर डिझाइन करणाऱ्या इंजिनीअरकडून ‘५६ दिवसांची ताकद ग्राह्य’ असं लेखी घ्या आणि करारात घाला. तोंडी नको. २८ दिवसांचा क्यूब नापास झाला की तोंडी बोलणं कोणालाच आठवत नाही.

माझं मत विचाराल तर शंभर घनमीटरच्या आत पीपीसी, ४० मिमी गिट्टी आणि पहाटेचं काम एवढंच करा. वेगळ्या राखेच्या मागे मोठ्या कामालाच लागा, किंवा आरएमसी, म्हणजे प्लांटमधून गाडीने येणारं तयार काँक्रीट, घेत असाल तर.

आरएमसीचं कोटेशन उलटं वाचा

मोठा आकडा शेवटी बघा, आधी तळाच्या अटी. पंप लावण्याचं भाडं आणि किमान घनमीटर. अर्ध्या भरलेल्या गाडीचा आकार. साइटवर थांबण्याचा तासाचा दर. रात्रीच्या पुरवठ्याचा जादा दर. थंड पाणी किंवा बर्फ. उशिरा घट्ट होण्यासाठीचं रसायन. क्यूब चाचणी. वर जीएसटी १८ टक्के. यातलं काय दरात धरलंय आणि काय वेगळं, हे एकेका ओळीसमोर लिहून मागा.

काँक्रीट अकोल्याहून येवो की अमरावतीहून, गाडीत भरल्यापासून दोन तासांत उतरलं पाहिजे (आयएस ४९२६). जास्त वेळ लागणार असेल तर रसायन घालून तशी लेखी तयारी आधीच हवी. चलनावर भरल्याची वेळ बघा. उशीर झालेल्या गाडीत ड्रायव्हर पाणी सोडायला लागला तर गाडी परत पाठवा.

प्रत्येक गाडीची बॅच स्लिप घ्या. त्यात सिमेंट किती आणि राख किती हे किलोत छापलेलं असतं. राख घातलेलं काँक्रीट बनवायला स्वस्त पडतं. दर ओपीसीचा लावून राखेचं काँक्रीट देणं ही जुनी युक्ती आहे. काँक्रीट वाईट नसेल, पण फरकाचे पैसे तुमचे आहेत. हाताने माल कालवणाऱ्या ठेकेदाराच्या बाबतीतही हेच: दरपत्रकात ओपीसी लिहिलंय आणि साइटवर पीपीसी आली, तर दर कमी करून घ्या. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचं कोटेशन दाखवलं जात असेल तर नवं मागा. राखेवर जीएसटी ५ टक्के.

पाणी: इथला सर्वांत मोठा छुपा खर्च

मूर्तिजापूर तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचं पाणी तोंडात धरवत नसेल तर ते राफ्टमध्येही घालू नका. सळ्यांच्या काँक्रीटला पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत, सल्फेट ४०० च्या आत आणि सामू ६ च्या वर हवा (आयएस ४५६). भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. नमुना स्वच्छ बाटलीत न्या आणि अर्जावर ‘बांधकामासाठी’ असं लिहा, नाहीतर पिण्याच्या पाण्याच्या निकषांवर रिपोर्ट येईल. नमुना काम सुरू होण्याच्या महिनाभर आधी द्या.

साठ घनमीटरला मिश्रणासाठी दहा-अकरा हजार लिटर लागतं. सगळे तेवढंच धरतात आणि तराई विसरतात. पीपीसी किंवा राख असेल तर आयएस ४५६ प्रमाणे तराई किमान १० दिवस, शिफारस १४ दिवसांची. ६० चौरस मीटरवर वाफे करून पाच सेंटिमीटर पाणी भरलं तर तीन हजार लिटर. उन्हाळ्यात रोज सेंटिमीटरभर उडतं, म्हणजे दोन आठवड्यांत आणखी आठ-साडेआठ हजार. तराईलाही गोडंच पाणी लागतं. एकूण बावीस हजार लिटर टँकरचा खर्च कोणाचा, हे करारात लिहा. नाही लिहिलं तर ठेकेदार चौथ्या दिवशी बोअरचा पाइप जोडतो, आणि त्याच्या दृष्टीने तो चुकलेलाही नसतो.

ओतल्यानंतरचे सात दिवस

तापमान मोजणं स्वस्त आहे. तापमान टिपणाऱ्या दोन वायरी ओतण्याआधी सळ्यांना बांधून सोडा, एक मधोमध, एक वरच्या पृष्ठाखाली पाच सेंटिमीटरवर. हातातलं डिजिटल मीटर दोन-तीन हजारांत येतं. पहिले तीन दिवस दर चार तासांनी दोन्ही आकडे वहीत लिहा, पुढे दिवसातून दोनदा.

फरक २० कडे सरकायला लागला की बहुतेक जण पाण्याची नळी घेऊन धावतात. हे करू नका. पोट तापलेलं असताना पाठीवर थंड पाणी मारलं की फरक वाढतो आणि भेग तिथेच पडते. उलट पाठ झाका: प्लास्टिक, वर गोणपाटाचे दोन थर, मिळालं तर थर्माकोल. वाफ्यात भरायचं पाणी टाकीत उन्हाने कोमट झालेलं असू द्या. बाजूच्या प्लेटाही लवकर काढू नका. राखेचं काँक्रीट ताकद सावकाश धरतं, तेव्हा सेंटरिंगचं भाडं चार-पाच दिवस जास्त धरूनच चला.

क्यूब किती? ५० घनमीटरपर्यंत चार नमुने, पुढच्या प्रत्येक ५० ला किंवा त्याच्या भागाला एक. साठला पाच नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे पंधरा. ५६ दिवसांची चाचणी ठरली असेल तर तेवढेच जास्तीचे भरा. नंतर भरता येत नाहीत. क्यूबवर तारीख आणि तुमची सही ओल्या काँक्रीटवरच खिळ्याने करा. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आधी दर आणि तारीख विचारून घ्या. क्यूब शक्यतो स्वतः पोचवा.

फसगत झालीच तर

बिलाशिवाय काही होत नाही. ‘कच्च्या पावतीत दोन टक्के कमी’ ही सवलत घेतलीत की दाद मागण्याचा रस्ता बंद. पक्कं बिल, बॅच स्लिपा, धर्मकाट्याच्या पावत्या, टेस्ट सर्टिफिकेट, तापमानाची वही आणि क्यूबचे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर अकोल्याचा जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची, मुदत दोन वर्षांची. खरेदी व्यापारी कामासाठी असेल तर मात्र तुम्ही कायद्याने ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असलेल्या उद्योगाला यातून सूट आहे. डाळमिल तुम्हीच चालवत असाल, तर तक्रारीत ते पहिल्याच परिच्छेदात लिहा.